सात युनिक्स यंत्रे, एक मराठी टर्मिनल: घर शोधण्याच्या नोंदी

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची भांडारखोली ३१ मेपर्यंत रिकामी करून द्यायची आहे. आत १९९० च्या दशकातला युनिक्सचा, म्हणजे एका यंत्रावर अनेकांना काम करू देणाऱ्या कार्यप्रणालीचा, संसार आहे. भंगारवाला सगळ्याला किलोचा भाव लावून बसला आहे. यातले काय वाचवायचे, कोणाकडे द्यायचे आणि त्यासाठी काय तयारी लागते, याच्या या नोंदी. असाच ढीग आणखी कोणाच्या वाट्याला आला, तर निदान पहिले दोन महिने वाया जाऊ नयेत.

५ जानेवारी: यादी

सन या कंपनीची चार यंत्रे: आयपीसी, आयपीएक्स, स्पार्कस्टेशन ५, स्पार्कस्टेशन २०. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीची दोन: इंडी आणि ओ२. एचपी ९००० मॉडेल ७१२ एक. डेक कंपनीची व्हीटी३२० टर्मिनल, म्हणजे युनिक्स यंत्राला जोडायचे पडदा आणि कळफलक, दोन. सनचे वीस इंची ट्रिनिट्रॉन मॉनिटर दोन. पाव इंची टेपच्या कार्ट्रिजांचे दोन खोके, मॅन्युअलांचे एक कपाट. कोपऱ्यात प्लॅस्टिकखाली देवनागरी कळफलकाचे एक जिस्ट टर्मिनल, सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेचे, भारतीय लिपी दाखवणारे.

धूळ पुसण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो. यंत्राला चिकटवलेले नाव, पांढऱ्या रंगाने लिहिलेला डेडस्टॉक (टिकाऊ मालाच्या नोंदवहीतला) क्रमांक, दुरुस्तीवाल्याच्या तारखेची चिठ्ठी, केबलला बांधलेला कागद, या सगळ्याला यंत्राइतकीच किंमत आहे. ओल्या फडक्याने पहिली पुसली जाते ती हीच माहिती. यंत्र कुठे, कोणी, कशासाठी वापरले हे या चिठ्ठ्यांवरूनच कळते.

एकही यंत्र चालू करून पाहिलेले नाही. “लावून तर बघू” म्हणणारे प्रत्येक खोलीत निघतात, म्हणून सगळ्या पॉवर केबल काढून वेगळ्या खोक्यात कुलूपबंद केल्या.

९ जानेवारी: मालकी

कोणत्याही संग्रहालयाचा पहिला प्रश्न असतो, ही वस्तू देण्याचा अधिकार तुम्हाला आहे का. डेडस्टॉक नोंदवहीत नाव आहे तोवर यंत्र महाविद्यालयाचे. निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून नाव कमी करणे, त्यासाठीच्या समितीचा ठराव हवा, आणि त्यातली शब्दयोजना जपायला हवी.

लेखा विभागाच्या पहिल्या मसुद्यात सरसकट “ई-कचरा” असे लिहिले होते. हा शब्द ठरावात आला की ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ प्रमाणे माल नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रक यांच्याकडेच द्यावा लागतो आणि संग्रहालयाचा दरवाजा बंद होतो. म्हणून यादीचे दोन भाग केले. “अ” भाग: “वापरातून निवृत्त, शैक्षणिक व ऐतिहासिक मूल्यामुळे जतनासाठी विनामूल्य हस्तांतरण”. “ब” भाग: ई-कचरा. मॉनिटर, तुटके कीबोर्ड, अनोळखी केबल “ब” मध्ये. समितीची बैठक पुढे ढकलली गेली आणि जवळजवळ महिना त्यातच गेला. हे काम पहिल्याच आठवड्यात सुरू करावे. बाकी सगळे त्याच्या मागून येते.

१८ जानेवारी: कोणाला विचारायचे

परदेशातली मोठी नावे सर्वांना ठाऊक आहेत: कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूचे कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम, इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कचे नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंग, केंब्रिजचे सेंटर फॉर कॉम्प्युटिंग हिस्टरी. अशा ठिकाणी न विचारता खोका पाठवायचा नसतो. आधी माहिती आणि फोटो, मग त्यांची निवड. स्पार्कस्टेशन ५ सारखे यंत्र त्यांच्या गोदामात बहुधा आधीच असते.

भारतात संगणकांना वाहिलेले संग्रहालय शोधत बसण्यापेक्षा तीन प्रकारची दारे ठोठवावीत. संशोधन संस्थांचे अभिलेखागार, विज्ञान केंद्रे, आणि यंत्र चालते ठेवू शकणारे हौशी लोक. अभिलेखागाराला कागद आणि संदर्भ हवा असतो, जागा कमी असते. विज्ञान केंद्राला मुलांनी हात लावला तरी टिकेल अशी वस्तू हवी असते. हौशी माणूस यंत्र जिवंत ठेवतो, पण त्याने घर बदलले की काय, हा प्रश्न राहतो.

संग्रहालयही कायमचे घर असेलच असे नाही. सिएटलचे लिव्हिंग कॉम्प्युटर्स हे पॉल अॅलन यांनी उभारलेले संग्रहालय, जुनी यंत्रे खरोखर चालवून दाखवण्यासाठी प्रसिद्ध. २०२० मध्ये ते बंद झाले, २०२४ मध्ये पुन्हा उघडणार नसल्याचे जाहीर झाले आणि बऱ्याच वस्तूंचा क्रिस्टीज या लिलावसंस्थेमार्फत लिलाव झाला. दिलेली वस्तू पुढे विकली जाऊ नये असे वाटत असेल, तर ते देतानाच लिहून घ्यावे लागते.

पहिले पत्र एका पानाचे: मॉडेल, अनुक्रमांक, कोणत्या विभागात कशासाठी वापरले, आजची अवस्था, लांबी-रुंदी-वजन, आणि जागा रिकामी करण्याची तारीख. शेवटची ओळ सर्वांत उपयोगी. तारीख नसेल तर उत्तर येत नाही.

२७ जानेवारी: उत्तरे

परदेशातून दोन नकार, दोन्ही सभ्य: “आमच्याकडे आहे.” युरोपातल्या एका संग्राहकाने इंडी मागितले. विचार सोडून दिला. वाहतूक खर्च यंत्राच्या किमतीच्या कितीतरी पट. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवरच्या बाझल कराराच्या दुरुस्तीमुळे सगळा ई-कचरा, धोकादायक असो वा नसो, देशांच्या पूर्वसंमतीशिवाय सीमेपार जाऊ शकत नाही. जुने बंद यंत्र कचरा नसून संग्रहाची वस्तू आहे हे सीमाशुल्कात पटवत बसायला आमच्याकडे वेळ नाही.

मुंबईतल्या एका संशोधन संस्थेच्या अभिलेख विभागाचे उत्तर वेगळे होते. सनच्या यंत्रांबद्दल अक्षर नाही; प्रश्न एकच: “फोटोत मागे दिसणारे देवनागरी टर्मिनल चालू आहे का, आणि ते कशाला जोडलेले होते?”

यादीची मांडणीच त्या प्रश्नाने बदलली. स्पार्कस्टेशने जगभर अमाप विकली गेली. पण एका युनिक्स यंत्राला दहा-बारा जणांनी टर्मिनलवरून एकाच वेळी मराठीत माहिती भरायची, ही व्यवस्था इथलीच. जिस्ट तंत्र आयआयटी कानपूरला सुरू झाले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. टर्मिनल इस्कीमध्ये, म्हणजे भारतीय मानक आयएस १३१९४ : १९९१ या आठ बिटी संकेतात बोलते, कळफलक इन्स्क्रिप्ट. मागे युनिक्स यंत्र नसेल तर ते टर्मिनल म्हणजे नुसता पडदा. तेव्हा एकेकटे यंत्र न देता संच द्यायचा ठरवला: टर्मिनल, स्पार्कस्टेशन २०, जोडणीची केबल, डिस्कची प्रत, आणि वापराची कागदपत्रे.

६ फेब्रुवारी: एनव्हीरॅम

वीस वर्षांपूर्वीच्या सन यंत्रात ही, वीज गेली तरी नोंदी धरून ठेवणारी चिप मेलेलीच असते. वेळ, सेटिंग, इथरनेट पत्ता (नेटवर्कवरची ओळख) आणि होस्टआयडी (यंत्राचा ओळख क्रमांक) तिच्यात असतात आणि तिच्या डोक्यातच लिथियम सेल असतो. आयपीसी-आयपीएक्समध्ये एमके४८टी०२, स्पार्कस्टेशन ५ आणि २० मध्ये ४८टी०८. सेल संपला की सुरू होताना आयडीप्रॉम (चिपमधला ओळखीचा भाग) अवैध असल्याचा संदेश येतो आणि इथरनेट पत्ता सगळा एफएफ किंवा शून्य.

चिप काढण्याआधी तिच्यावरची बारकोडची चिठ्ठी उतरवून घ्यावी. इथरनेट पत्त्याचे शेवटचे तीन बाइट त्यावर छापलेले असतात. पहिले तीन सनचे ठरलेले, ०८:००:२०. होस्टआयडीचा पहिला बाइट यंत्राच्या प्रकाराचा: आयपीसीला ५२, आयपीएक्सला ५७, स्पार्कस्टेशन १० आणि २० ला ७२, ५ ला ८०, सर्व षोडशमान, म्हणजे सोळाच्या आधाराचे अंक. चिठ्ठी गेली तर मूळ ओळख गेली. जुन्या सॉफ्टवेअरचे परवाने होस्टआयडीला बांधलेले असत, त्यामुळे मनाने घातलेल्या आकड्यावर परवान्याचा कंपायलर चालत नाही. आमच्या चारपैकी तीन चिठ्ठ्या शाबूत. आयपीएक्सची कोणीतरी कधीच सोलून काढली आहे.

चिपसाठी दोन वाटा. पहिली, नवी चिप. परदेशी विक्रेत्याकडून दोन मागवल्या, प्रत्येकी १,४०० रुपये जकातीसह. एक ठीक, दुसरी आठवडाभर बंद ठेवल्यावर सगळे विसरली. शिक्के खरडून नवी तारीख छापलेल्या जुन्या चिप सर्रास मिळतात. घेतल्यावर आठवडाभराची विसरण्याची परीक्षा घेतल्याशिवाय पैसे सोडू नयेत.

दुसरी वाट, जुन्या चिपचे डोके कानशीने थोडे थोडे घासून सेलच्या पट्ट्या उघड्या करायच्या आणि बाहेर सीआर२०३२ या नाण्याएवढ्या सेलचा खोबणा जोडायचा. आतल्या सेलच्या दोन्ही पट्ट्या आधी तोडणे आवश्यक. एकच तोडली तर मेलेला सेल नव्याला पितो. घासताना श्वासावर मास्क, आणि खूण असलेल्या टोकाचा फोटो आधी.

मग यंत्र सुरू होताना मिळणाऱ्या ओके प्रॉम्प्टवर सेट-डिफॉल्ट्स, आणि एमकेपी या आज्ञेने बाइट एकेक करून भरायचे. शेवटचा, एफ स्थानावरचा बाइट म्हणजे आधीच्या पंधरांचा एक्सॉर, बिटाबिटाने काढलेला पडताळा. तो हाताने काढू नये, प्रॉम्प्टच्या फोर्थ भाषेतच लूप लावून भरावा. संग्रहालयाला द्यायच्या यंत्रात खोबणा वरच्या बाजूला, दिसेल असा ठेवला आणि शेजारी सेल बदलल्याची तारीख लिहिली. पुढची व्यक्ती दहा वर्षांनी उघडेल तेव्हा तिला शोधावे लागू नये.

१४ फेब्रुवारी: पॉवर सप्लाय

आयपीसी आणि आयपीएक्सचे सप्लाय उघडले. डब्याच्या आकाराच्या या यंत्रांत हवा खेळत नाही, कॅपॅसिटर तापून गळतात. झाकण काढताच सुक्या बोंबलासारखा वास आला, म्हणजे इलेक्ट्रोलाइट बाहेर आले आहे. वास आला की चालू करून बघायचेच नाही. गळलेला द्रव तांब्याच्या रेषा खातो. आयपीएक्सच्या पाटीवर रेषा तुटलेल्या सापडल्या.

बदलताना १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे (अंतर्गत रोधाचे) कॅपॅसिटर, मायक्रोफॅरड तितकेच, व्होल्ट तितके किंवा जास्त, आणि उंची मोजून. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या पहिल्या संचातले दोन उंचीला मोठे निघाले, झाकण बसेना. बुधवार पेठेत पसोड्या विठोबाजवळ हवे ते मिळाले. खर्च १,१५० रुपये.

पहिली चाचणी नेहमी सिरीज दिव्यावर: १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब फेज वायरमध्ये. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट. सप्लायला काहीतरी भार द्यावा लागतो, नाहीतर तो सुरूच होत नाही. निकामी हार्ड डिस्क पुरते. मग मल्टीमीटरवर ५ आणि १२ व्होल्ट, पाच टक्क्यांच्या आत. खोलीतले अर्थिंग आधी तपासले पाहिजे. दोन सॉकेटला अर्थ नव्हतीच.

आयपीएक्सला सुट्या भागांचा दाता ठरवले. सप्लाय गेलेला, ओळख गेलेली, पेटी गंजलेली. त्याची मेमरी आणि सुटे भाग आयपीसीच्या बाजूला ठेवले.

२१ फेब्रुवारी: डिस्क

चालत्या यंत्रातून डिस्क वाचण्याचा मोह टाळला. बूट होताना युनिक्स डिस्कवर लिहिते, फाइलप्रणाली तपासते, तारखा बदलते. म्हणून प्रत्येक डिस्क बाहेर काढून पीसीआय खाचेच्या जुन्या पीसीत अॅडॅप्टेक २९४० कार्डाला जोडली आणि लिनक्सवर डीडी-रेस्क्यू या प्रोग्रॅमने प्रत घेतली. कुठवर वाचले याची नकाशा फाइल ठेवली, म्हणजे मध्ये थांबले तरी तिथूनच पुढे जाते. डिस्कच्या एससीएसआय जोडणीचे ५० पिनी, ६८ पिनी आणि ८० पिनी असे तिन्ही प्रकार निघाले. अॅडॅप्टरांचे १,९०० रुपये. या जोडणीच्या साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेशन (सिग्नल संपवणारे रोधक) नसेल तर चुका इतक्या विचित्र येतात की डिस्कवर संशय जातो. इथेच अख्खी दुपार गेली.

आयपीसीमधली क्वांटम प्रोड्राइव्ह १०५ फिरेचना. त्या पिढीच्या क्वांटमची ही प्रसिद्ध खोड आहे: तबकडीवरचे वंगण हेडला धरून ठेवते. डिस्क हातात आडवी धरून, वीज देण्याच्या क्षणी तबकडीच्या प्रतलात मनगटाने छोटा झटका. ठोकायची नाही. सुटली. सुटल्यावर बंद न करता लगेच पूर्ण प्रत घेतली, कारण पुन्हा सुटेलच याची हमी नाही.

सनच्या यूएफएस या फाइलप्रणालीच्या विभागाची प्रत लिनक्सवर फक्त वाचण्यासाठी माउंट होते, यूएफएसटाइप “सन” दिला की. इंडी आणि ओ२ मधल्या डिस्कच्या प्रती घेतल्या, आत डोकावणे नंतर.

मूळ डिस्क आता परत यंत्रात नाही. त्या अँटिस्टॅटिक पिशवीत, सोबत जातील पण बंद. प्रदर्शनासाठी ब्लूएससीएसआय, म्हणजे मेमरी कार्डावरून जुन्या डिस्कचे काम करणाऱ्या पाट्या, तीन संच, सीमाशुल्कासह १२,६०० रुपये. स्पार्कस्टेशन २० मध्ये आत ८० पिनी जोडणी असल्याने पाटी मागच्या ५० पिनी पोर्टला लावली. आयडी ३ दिला, कारण सनचा प्रॉम (यंत्र सुरू करणारी चिप) “डिस्क” म्हणजे आयडी ३ असे समजतो. आतली डिस्क काढल्याशिवाय दोघांची टक्कर होते.

२ मार्च: टेप

पाव इंची टेपच्या (क्यूआयसी) ड्राइव्हचा रबरी रोलर चिखल झालेला. तो तसाच टेपला लागला तर टेप गेलीच. रोलर खरडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, योग्य व्यासाची नळी बसवली. कार्ट्रिजांच्या आतला पट्टाही सैल पडतो किंवा टेपला चिकटून ऑक्साइड उचलतो. फिरवण्याआधी डोळ्यांनी पाहणे गरजेचे.

सगळ्या टेप वाचायच्या नाहीत असे ठरले. सनओएस या सनच्या युनिक्सच्या विक्रीच्या टेपची प्रत इतरत्र जतन आहे. त्यांची फक्त लेबले नोंदवली. स्थानिक बॅकअप म्हणून हाताने लिहिलेल्या तेवढ्या वाचल्या. मॅन्युअलांचेही तेच: बिटसेव्हर्स या ऑनलाइन संग्रहात आहे का ते पाहून, नाही तेवढेच स्कॅन.

खोक्यात “सोर्स” (युनिक्सचा मूळ प्रोग्रॅम-मजकूर) लिहिलेली टेप सापडली तर ती आपल्या दुरुस्त केलेल्या ड्राइव्हमध्ये घालू नये. २०२५ च्या अखेरीस युटा विद्यापीठात युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीची टेप सापडली, तेव्हा ती कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमकडे सोपवून जाणकारांकडून वाचून घेतली गेली. आमच्या खोक्यात “सोर्स” नव्हते. होते ते गुणपत्रिकांचे बॅकअप, आणि त्याने वेगळीच पंचाईत केली.

८ मार्च: दुसऱ्यांची माहिती

प्रतींमध्ये विद्यार्थ्यांचे गुण, कर्मचाऱ्यांचे ईमेल, होम फोल्डर. यंत्र संग्रहात जाते म्हणून हे सगळे जगापुढे मांडायचा हक्क कोणाला मिळत नाही. दोन प्रती केल्या. पूर्ण प्रत कूटबद्ध, किल्ली महाविद्यालयाकडे, पंचवीस वर्षे बंद. दुसरी प्रत प्रदर्शनाची: होम विभाग, मेल स्पूल आणि पासवर्ड फाइल काढलेली, मोकळी जागा शून्यांनी भरलेली. नुसते फाइल खोडून चालत नाही, यूएफएसच्या मोकळ्या ब्लॉकमध्ये जुना मजकूर जसाच्या तसा असतो.

परवान्याचे: युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपर्यंतचा स्रोत कॅल्डेरा या कंपनीने जानेवारी २००२ मध्ये मुक्त केला. नंतरचे सिस्टिम व्ही युनिक्स त्यात नाही, सनचे सोलारिस तर नाहीच. म्हणून मूळ माध्यमे वस्तू म्हणून द्यायची. प्रत इंटरनेटवर चढवण्याची परवानगी आपण देत नाही, हे हस्तांतरणपत्रात.

१५ मार्च: टर्मिनल बोलू लागले

सगळ्यात आधी टर्मिनलमधल्या खिडकीच्या ईप्रॉम, म्हणजे उजेडाने पुसल्या जाणाऱ्या स्मृतिचिप, वाचून ठेवल्या, कारण अक्षरांचे आकार त्यांतच असणार. खिडकीवरचा कागदी पट्टा निघाला असेल तर आधी काळी चिकटपट्टी लावायची, मग बाकी काम. प्रोग्रॅमर उसना आणला. प्रत दोनदा वाचून जुळवली.

स्पार्कस्टेशन २० च्या ए पोर्टला नल मोडेम केबल, ९६०० बॉड. इंग्रजी लगेच दिसले. मराठी टंकले की कचरा. “कमल” लिहिले तर पडद्यावर आकडा तीन, मग रोमन एल आणि क्यू.

हा कचरा मात्र बोलका आहे. इस्कीत “क” म्हणजे षोडशमान बी३. वरचा बिट कापला की उरते ३३, म्हणजे अॅस्कीतला तीन. “म” सीसी, उरते ४सी, एल. “ल” डी१, उरते ५१, क्यू. टर्मिनल ठीक, केबल ठीक, फक्त आठवा बिट वाटेत कापला जातोय. लॉगिननंतर एसटीटीवाय या आज्ञेने विचारले तर ओळ सात बिट आणि सम पॅरिटीवर (आठवा बिट चूक पकडण्यासाठी). सीएस८, उणे पॅरेनबी, उणे आयस्ट्रिप (आठ बिट, पॅरिटी बंद, आठवा बिट कापणे बंद) असे तीन बदल केले आणि “कमल” उमटले.

हे बदल कायम हवेत, म्हणून टीटीवायडेफ्स या ओळींच्या सेटिंगच्या फाइलमध्ये वेगळी नोंद केली. नाहीतर प्रत्येक लॉगिनला पुन्हा तेच. चाचणी शेलवर, म्हणजे आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रॅमवर, न करता कॅट आज्ञेवर करावी. जुनी काही शेल आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरत, त्यामुळे ओळ बरोबर असूनही शेल अक्षरे खाते आणि दोष टर्मिनलवर येतो. व्हीआय या संपादकाच्या जुन्या आवृत्तीचेही तेच.

या जोडणीचा कागद, पिनचा तक्ता आणि तीन सेटिंगसह, टर्मिनलच्या तळाला पाकिटात चिकटवला आहे. पूर्ण प्रकल्पात एकच कागद वाचवायचा झाला तर हा.

२९ मार्च: बाकीच्यांची वाटणी

एचपी ७१२ आणि इंडी बंगळुरूच्या हौशी लोकांकडे, जे ती चालवतात आणि दाखवतात. निवडीची कसोटी: आधीपासून त्याच प्रकारचे किमान एक यंत्र चालू आहे का, आणि सुटे भाग कुठून आणतात हे सांगता येते का. नुसत्या उत्साहावर यंत्र दिले नाही.

आयपीसी आणि स्पार्कस्टेशन ५ महाविद्यालयातच, ग्रंथालयातल्या काचेच्या कपाटात. आयपीसीत दुरुस्त सप्लाय आहे, पण ते चालू करायचे नाही असे पाटीवर लिहिले. व्हीटी३२० चा एक नग संचासोबत मुंबईला, तुलनेसाठी.

१२ एप्रिल: करार

अभिलेख विभागाने छापील दानपत्र पाठवले. ते जसेच्या तसे सही केले नाही. पाच गोष्टी घालून घेतल्या. विकण्याआधी महाविद्यालयाला परत विचारणे. संच फोडायचा नाही. सुटे भाग दुसऱ्या यंत्रात वापरले तर लेखी नोंद. वर्षातून एकदा अवस्था तपासणी. आणि वीज जोडण्याची परवानगी कोणाची, हे पदनामाने. शेवटच्या कलमावर त्यांचा आक्षेप होता, कारण त्यांच्याकडे हे काम जाणणारे कोणी नाही. तोडगा: पहिली दोन वर्षे आमच्यापैकी कोणी हजर असतानाच यंत्र चालू होईल.

दान की ठेव, यावर महिनाभर पत्रव्यवहार चालला असता. दान केले. ठेवीत जबाबदारी कायम महाविद्यालयाच्या गळ्यात राहते, आणि पुढचे प्राचार्य ती नाकारतील.

२६ एप्रिल: बांधणी

प्लायवुडच्या चार पेट्या, १२ मिलिमीटर, ९,६०० रुपये. आत ईपीई फोम, २,३०० रुपये. गादीचा पिवळा पॉलियुरेथेन फोम वापरू नये. आपल्याकडच्या दमटपणात तो काही वर्षांत भुगा होऊन व्हेंटमध्ये शिरतो. बबल रॅप थेट प्लॅस्टिकला लावायचा नाही, गोल ठसे उमटतात. मध्ये साधा पांढरा कागद. रबर बँड कुठेही नको.

सगळे सेल काढले, खोबण्यातले सुद्धा. ओळखीचे आकडे कागदावर आणि पेटीच्या झाकणाच्या आतून. एसबस खाचेतली कार्डे जागीच ठेवली, पण एमबस खाचेतले प्रोसेसर मॉड्यूल वेगळे बांधले, कारण उभ्या धक्क्याने ते खोबणीतून उचलले जाते.

९ मे: वाहतूक

ओ२ आधी चाचणी म्हणून एका पार्सल सेवेने नाशिकच्या घेणाऱ्याकडे पाठवले होते. फोम चांगला होता, तरी निळे आवरण दोन ठिकाणी तडकले. त्या काळच्या सिलिकॉन ग्राफिक्सच्या प्लॅस्टिकला वय झाले की ते बिस्किटासारखे मोडते. पुढे अशी आवरणे काढून वेगळी, सपाट बांधावीत.

म्हणून मुंबईचा माल बदलीशिवाय थेट टेम्पोने, ७,५०० रुपये. सकाळी लवकर निघून, पावसाआधी. जून उजाडल्यावर पेट्या हलवायच्या नाहीत हे आधीच ठरवले होते.

१७ मे: सुपूर्द

तिथे उघडल्यावर तासभर तसेच ठेवले. टेम्पोतून वातानुकूलित खोलीत आणल्यावर दव धरते. प्रोसेसर बसवला, सेल घातले, आकडे भरले, मग वीज. मेमरी तपासणीत अडकले. शून्य क्रमांकाच्या खाचेतले मॉड्यूल काढून पुन्हा दाबून बसवल्यावर पुढे गेले. बूट, लॉगिन, “कमल”. दोन्ही बाजूंनी अवस्था-पत्रावर सही, फोटोंसह.

साठवणीसाठी त्यांना लिहून दिले: आर्द्रता ४० ते ५५ टक्के, सिलिका जेलचा रंग महिन्यातून एकदा पाहणे, तीन महिन्यांनी अर्धा तास चालू करणे, सेल पाच वर्षांनी बदलणे, बदलण्याआधी आकडे उतरवणे.

३० मे: हिशेब

चिप २,८००, कॅपॅसिटर १,१५०, ब्लूएससीएसआय १२,६००, अॅडॅप्टर १,९००, पेट्या ९,६००, फोम २,३००, सिलिका जेल आणि पिशव्या ८५०, टेम्पो ७,५००. एकूण ३८,७००. ओ२ चे पार्सल घेणाऱ्याने भरले. मोठा खर्च यंत्र चालू करण्याचा नाही, तर ते धड पोचवण्याचा आणि डिस्कला पर्याय देण्याचा आहे. पैसे कमी असतील तर ब्लूएससीएसआय एकच घ्यावी आणि प्लायवुड वाचवू नये.

मॉनिटर कोणीही घेतले नाहीत. सनची १३डब्ल्यू३ जोडणी आणि ११५२ गुणिले ९०० चा पडदा साध्या अॅडॅप्टरने एलसीडीवर येतो, बशर्ते एलसीडीला एकत्रित सिंक कळत असेल. त्यामुळे जड काचेला मागणी नाही. दोन्ही “ब” भागातून पुनर्चक्रकाकडे गेले, पावतीसह. आयपीएक्सची पेटीही.

वाचलेल्या टेपांपैकी तीन अजून अर्धवट आहेत, तुकड्यांत वाचता येतात. त्या, नकाशा फाइलसह, अभिलेख विभागाकडे बंद पाकिटात आहेत. दुसरा रोलर बसवला की पुन्हा प्रयत्न पावसाळ्यानंतर.